दहाच्या गठ्ठ्यात बारा

४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिते. मनापासून आलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज बसले ती भांडायलाच. तेव्हा पूर्ण वाच. निम्मं वाचून घडी घालून ठेवायची तुझी सवय मला माहीत आहे.

सकाळी लाँड्रीत नोटीस आली, तुमच्या स्पर्धा कार्यालयाची. बायका यंत्रातून ओल्या चादरी उपसत होत्या, पोस्टमन दारात उभा, मी हात पदराला पुसून सही केली. पाकिटावर तुझ्या कार्यालयाचा शिक्का बघून आधी वाटलं, तुझंच पत्र आलं. वेडेपणा माझा. आत सात पानं निघाली. गावातल्या चारही लाँड्र्यांनी संगनमत करून दर ठरवले आणि गिऱ्हाइकांना लुबाडलं असा संशय आहे म्हणे, आणि सहा वर्षांचे कागद पाठवा म्हणे. तक्रार कुणा हॉटेलवाल्याची आहे असं लिहिलंय. हॉटेलवाल्याची की तुझी, ते मला सरळ सांग.

बाबा गेले त्या आठवड्यात तू त्यांचं कपाट आवरायला बसलास आणि मंडळाची इतिवृत्ताची वही तुझ्या हातात पडली. पानं उलटताना तुझा चेहरा बदलला ते मी पाहत होते. ‘ताई, हे मंडळ नाही, ही टोळी आहे’, असं तू म्हणालास. बाबांच्या खोलीत, बाबांच्या पलंगावर बसून. मी तुला दार दाखवलं, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. निदान फारसं नाही.

तू कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचास तेव्हा जेवताना कागदावर दोन रेघा काढून दाखवायचास. एक वर जाणारी, एक खाली येणारी, आणि जिथे कापतात तो दर. छान वाटायचं बघायला. पण त्या रेघांमध्ये बॉयलर कुठे नव्हता. बॉयलर एकदा पेटवला की शंभर चादरी टाका नाहीतर हजार, जळण जवळजवळ तेवढंच. म्हणून यंत्र रिकामं फिरवण्यापेक्षा मिळेल त्या दरात चादर घ्यावी असं प्रत्येकाला वाटतं. आज याने एक कमी केला, उद्या त्याने दोन. बाबांच्या तरुणपणी गावात पाच लाँड्र्या होत्या आणि पाचही जण असेच एकमेकांच्या उरावर बसले होते. शेवटी साबण-पाणी सुटेल एवढाच दर उरला. तू त्याला सीमांत खर्च म्हणायचास. आम्ही बुडणं म्हणतो. पाचव्याने पैसे नव्हते म्हणून बॉयलरची झडप बदलली नाही आणि त्याच्याकडच्या दोघीजणी वाफेने भाजल्या. त्यानंतर बाबांनी उरलेल्या तिघांना बोलावून चौघांचं मंडळ केलं. सर्वांचा दर एक, तो दारावरच्या बोर्डावर लिहायचा आणि कोणी त्याच्याखाली जायचं नाही. बाबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, तोंडी काही ठेवायचं नाही. प्रत्येक सभेचं इतिवृत्त लिहिलं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव एकमताने मंजूर, खाली चार सह्या. चोर असे सह्या करून चोरी करतात का, हे तुझ्या साहेबांना विचार.

थकले आहे रे. बारा तास उभी राहून पायांच्या शिरा फुगल्यात. तरी सांगते, तक्रार तुझी असेल तर पुन्हा या दारात येऊ नकोस.

ताई

१२ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. तू गप्प बसलास तरी मी बोलणारच, लहानपणीही तसंच होतं.

काल मंडळाची सभा झाली, आमच्या इस्त्रीच्या खोलीत. डॉक्टर आले. हे खरे डॉक्टर नव्हेत, कापडावरचा कुठलाही डाग घालवतात म्हणून त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात, स्टेशनजवळ त्यांची लाँड्री आहे. पुलापलीकडच्या वहिनी आल्या, त्या आणि त्यांच्या दोन मुली मिळून चालवतात. आणि मास्तर आले. बाबांचे मित्र म्हणून तुला आठवतील. शाळेतली कवायतीची नोकरी सोडून त्यांनी लाँड्री काढली आणि बायकांना ओळीत उभं करून चादरींच्या घड्या घालायला शिकवलं. त्यांची लाँड्री गेल्या वर्षी बंद झाली. तरी नोटीस त्यांनाही आली, कारण तुमचं कार्यालय सहा वर्षं मागे जातंय.

डॉक्टरांनी नोटिशीबरोबर आलेलं पत्रक मोठ्याने वाचलं. जो पहिला येऊन सगळं खरं सांगेल, पुरावे देईल, त्याला दंड पूर्ण माफ. दुसऱ्याला निम्मा. बाकीच्यांना पुरा, आणि तो वर्षाच्या उलाढालीवर, वर्षांच्या पटीत. डॉक्टर म्हणाले, ‘काय डोकं आहे बघा यांचं. आपल्या चौघांना शर्यतीत पळवतायत.’ वहिनी पंख्याकडे बघत बसल्या. चाळीस वर्षांची ओळख, एकमेकांच्या घरची लग्नं उरकलेली, आणि काल कोणी कोणाच्या डोळ्यात बघत नव्हतं. तुम्ही लोक हे कागदावर बसून रचता ना? नोकरीत बढती मिळत असेल यासाठी.

मग मास्तर उभे राहिले. ते बोलायला उभेच राहतात. म्हणाले, कोणीही एकट्याने जायचं नाही, जे काही करायचं ते चौघांनी ठरवून. वहिनींनी अनुमोदन दिलं. मी चिटणीस, म्हणून मी ते वहीत लिहिलं. ‘स्पर्धा कार्यालयाच्या चौकशीबाबत कोणत्याही सभासदाने स्वतंत्रपणे पाऊल उचलू नये, असे एकमताने ठरले.’ चौघांनी सह्या केल्या. सगळे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण संगनमताच्या चौकशीविरुद्ध संगनमताचा ठराव लिहून ठेवला. आता पान फाडताही येत नाही, बाबांनी पानांवर क्रमांक घातलेत. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

मास्तरांची काळजी वाटते. लाँड्री गेली, यंत्रं भंगारात गेली. उरलीय ती वरची राहती खोली. मास्तरीणबाई गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत, खिडकीत बसून असतात. दंड बसला तर ती खोली जाईल. सही करताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं.

त्यांची लाँड्री का बंद झाली, असं तू विचारशील. रुग्णालयाचं काम त्यांच्या हातून गेलं म्हणून. ते आमच्याकडे आलं. आमच्याकडे नवं यंत्र होतं.

ताई

२० मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. तक्रार तू केलेली नाहीस. या प्रकरणातून तू लेखी बाजूला झाला आहेस. यापुढे या विषयावर मी लिहिलं तर ती पत्रं तुला साहेबांकडे द्यावी लागतील, सबब लिहू नये. वकील गाठावा. खाली तुझी सही, हुद्द्यासकट. बहिणीला कोणी हुद्दा लिहितं का रे?

तक्रार तुझी नाही, यावर माझा विश्वास बसला. तू कधी खोटं बोलला नाहीस, तोच तर तुझा त्रास. पहिल्या पत्रात वाटेल ते लिहिलं, त्याबद्दल माफ कर. बाकीच्याबद्दल नाही.

वकील गाठला. तो म्हणाला, वही आहे म्हणजे बचाव नाही, जो आधी पोचेल तो वाचेल. काल पुन्हा सभा भरवली. वकिलाचं म्हणणं सांगितलं. मग मास्तरच म्हणाले, ‘पहिला नंबर एकालाच आहे ना? मग आपणच ठरवू कोणाला द्यायचा. पोरीला द्या. वही तिच्याकडे, चौदा बायकांचे पगार तिच्या डोक्यावर. दुसऱ्या वहिनी, त्यांच्या मुलींची लग्नं व्हायचीत. डॉक्टर, तुमचं स्टेशनावरचं गिऱ्हाईक आहे, तुम्ही सोसाल.’ डॉक्टर म्हणाले, ‘सोसतो, काय करता.’ वहिनी रडायला लागल्या. मी विचारलं, ‘मास्तर, आणि तुम्ही?’ ते म्हणाले, ‘माझं आता काय बंद व्हायचं राहिलंय?’

मी नको म्हणाले. खरं सांगते, एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, पण पोटात कुठेतरी हुश्श झालं होतं. ठराव मी वहीत लिहिला. सूचक मास्तर.

आता तुझी ती ताकीद. माझी पत्रं साहेबांना द्यावी लागतील असं तू लिहिलंयस. मी त्यावर चार दिवस विचार करते आहे.

ताई

२९ मार्च

धाकट्या,

हे पत्र तू दे नाहीतर फाड, तुझं तू बघ. मी लिहिणार आहे.

मंडळाचा नियम मी मोडला. अडीच वर्षांपूर्वी, बाबा जाऊन सहा महिने झाले होते तेव्हा. नवं यंत्र घेतलं होतं, दुप्पट चादरी धुणारं, आणि ते दिवसातला अर्धा वेळ रिकामं उभं असायचं. रोज सकाळी त्याच्याकडे बघून किती चादरी कमी पडतात ते मोजायचे. रुग्णालयाच्या चादरी वीस वर्षं मास्तरांकडे होत्या. मी तिथल्या भांडारप्रमुखाला भेटले. तो म्हणाला, ‘दर तर तुम्हा सगळ्यांचा चादरीला अकरा रुपयेच, मग मी बदलू कशाला?’ मी म्हटलं, ‘दर अकराच राहील. गठ्ठा दहाचा लिहू. तुम्ही बारा पाठवा.’

एवढंच. दहाच्या गठ्ठ्यात बारा. दोन फुकट. बोर्डावर अकरा, बिलावर अकरा, वहीत अकरा. कोणी तपासलं असतं तर आकडा न् आकडा खरा निघाला असता. त्या दोन चादरींना मला जवळजवळ काहीच पडत नव्हतं, यंत्र फिरतच होतं. तुझ्या पुस्तकात याला काहीतरी नाव असेल. महिन्याभरात रुग्णालय माझ्याकडे आलं.

मास्तर एकदा विचारायला आले होते. दारात उभे राहून म्हणाले, ‘पोरी, दर खाली आणलास का?’ मी बोर्डाकडे बोट दाखवलं. मग बिलांची फाइल काढून त्यांच्या हातात दिली, त्यांनी मागितली नव्हती तरी. त्यांनी चष्मा लावून चार-पाच बिलं बघितली, मान हलवली. म्हणाले, ‘मग काम चांगलं असणार तुझं.’ मी म्हटलं, ‘नवं यंत्र आहे ना, मास्तर.’

ते गेले आणि मी पुन्हा कामाला लागले. त्या दिवशी मला विशेष काही वाटलं नाही, हे तुला सांगते आहे म्हणजे तू मला चांगली समजू नयेस.

त्यांनी दर खाली आणला नाही. आणू शकले असते, रुग्णालय परत मिळालं असतं. पण ठरावावर त्यांची सही होती. चौदा महिने त्यांनी अर्ध्या भरलेल्या यंत्रावर काढले. त्यांचा मुलगा सगळं धुणं बघायचा, तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्या काळात बापलेकांचं काहीतरी जबरदस्त बिनसलं आणि तो गाव सोडून गेला. कशावरून ते कोणाला माहीत नाही, मास्तर त्याचं नाव काढू देत नाहीत. मग लाँड्री बंद झाली. त्यांचा इस्त्रीचा मोठा रूळ मी विकत घेतला, ते म्हणाले त्या किमतीला. घासाघीस केली नाही म्हणून त्यांनी माझे आभार मानले.

हाच माणूस मला पहिला नंबर देतोय. आता कळलं ना, मी नको असं दुसऱ्यांदा का म्हणू शकले नाही? म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

ताई

८ एप्रिल

धाकट्या,

जाऊन आले. तुझा मजला कुठला ते विचारलं नाही. जिन्यात एकजण पाठमोरा तुझ्यासारखा दिसला, त्याला वळेपर्यंत थांबले, तू नव्हतास.

चौकशीला बाई होत्या, तरुण, बोलायला मऊ. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. वही उघडली आणि वाचता वाचता ओठ घट्ट दाबले. हसू दाबत होत्या. म्हणाल्या, ‘हे तुम्ही स्वतःहून लिहून ठेवलंत? सूचक, अनुमोदक?’ मी म्हटलं, ‘मग काय तोंडी ठेवायचं?’ त्या म्हणाल्या, ‘सगळे तोंडीच ठेवतात हो.’ शेवटचे दोन ठराव वाचून मात्र त्यांनी वही मिटली आणि कपाळ चोळत बसल्या.

मग प्रश्न. कधीपासून, कसं, दर कोण सुचवायचं. मी सगळं सांगितलं. बाबांचं, झडपेचं, भाजलेल्या दोघींचं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘त्यांचा हेतू वाईट नव्हता, मान्य. पण दर ठरला आणि तुम्ही सगळे निवांत झालात. इतक्या वर्षांत धुलाई स्वस्त करायचा विचार कोणी केला? रुग्णालय ते पैसे शेवटी रुग्णांकडूनच घेणार.’ तू हेच म्हणाला होतास त्या दिवशी, जरा जास्त आवाज चढवून.

मग त्यांनी विचारलं, ‘कोणी हा दर कधी मोडला का?’

म्हणजे त्यांना माहीत नव्हतं. तू पत्र दिलं नाहीस.

का दिलं नाहीस? नियमाने वागणारा तू, चार ओळींवर हुद्दा लिहिणारा. माझ्यासाठी नियम मोडलास? मला बरं वाटायला हवं होतं. पण खरं सांगू, माझा हिशेब असा होता की तू पत्र देशील, ते त्यांच्या फाइलला लागेल आणि मला तोंड उघडावंच लागणार नाही. तूही मला वाचवलंस आणि मास्तरांनीही. सगळे माझ्यावर चांगुलपणा करतायत आणि माझा जीव मेटाकुटीला आलाय.

मी म्हणाले, ‘आठवत नाही.’

निघताना मास्तरांबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या, बंद झालेल्या धंद्यालाही दंड लागतो. मात्र एखाद्याने ठराव पाळला आणि तो पाळल्यामुळेच त्याचं नुकसान झालं, असं पुराव्याने दिसलं तर सूट देता येते. ‘पण वहीत तसं काही नाही. पुराव्याशिवाय आम्ही काय करणार? तुम्हाला काही आठवलं तर दहा दिवसांत पुरवणी जबाब देऊ शकता.’ त्यांनी ‘आठवलं’ या शब्दावर जोर दिला नाही, तरी मला तो ऐकू आला.

पुरवणी जबाब दिला तर तो आदेशात छापला जाणार आणि आदेशाची प्रत चौघांना जाणार. मास्तर चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचणार. नाही दिला तर खोली जाणार, आणि मास्तरीणबाईंना त्या जिन्यावरून उचलून खाली आणावं लागणार. हे असं आहे बघ. पहिल्यात माझी अब्रू जाते, दुसऱ्यात त्यांचं घर. यात विचार करण्यासारखं काय आहे, असं तुला वाटेल. मी दोन दिवस झाले विचारच करते आहे, म्हणजे मी कशी आहे ते बघ.

ताई

१७ एप्रिल

धाकट्या,

जबाब दिला. रुग्णालयाच्या भांडारातून पोच-पावत्या मिळवल्या, त्यांवर बारा-बाराची नोंद आहे, आणि आमची दहाची बिलं त्यांना जोडली. बाईंनी दोन्ही शेजारी ठेवली आणि एकेक आकडा ताडून बघितला. मग त्यांचा चेहरा खुलला. म्हणाल्या, ‘म्हणजे चौघांत तुम्ही एकट्यांनीच स्पर्धा केलीत. अहो, हे तुमच्या बाजूचंच आहे, आधी का नाही सांगितलंत?’

धाकट्या, मी दगा दिला ते तुमच्याकडे माझं पुण्य, आणि मास्तरांनी शब्द पाळला तो त्यांचा गुन्हा. चुकीचं आहे असं म्हणत नाही. रुग्णालयाला धुलाई स्वस्त पडली हे खरंच आहे. पण त्या बाईंचं कौतुक अंगावर घेऊन मी बसमध्ये बसले आणि उतरायचा थांबा चुकून पुढे गेले.

ताई

२ जुलै

धाकट्या,

आदेश आला. मला दंड नाही. वहिनींना निम्मा, तो त्या हप्त्याने फेडतील. डॉक्टरांना पुरा. ते एक गाडी विकतायत, बोलतात अजून थट्टेनेच, पण माझ्याशी नाही. वहिनी पुलावर समोरून आल्या आणि दुसऱ्या बाजूला गेल्या. यापुढे दर ज्याचा त्याने ठरवायचा. डॉक्टरांच्या बोर्डावर दहा लागलेत, वहिनींच्या साडेनऊ. माझा बोर्ड मी पुसून ठेवलाय, आकडा सुचत नाही.

मास्तरांना नुसती ताकीद. कारण परिच्छेद एकेचाळीसमध्ये दिलंय, माझ्या नावानिशी, बारा चादरींसकट. खोली राहिली.

काल दुपारी ते आले. बायका जेवायला बसल्या होत्या. मी उठून खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. म्हणाले, ‘एकेचाळीस वाचला. दोनदा वाचला.’

मी म्हटलं, ‘मास्तर, माफी मागायलाही मला तोंड नाही.’

‘माफीचं राहू दे. मला एक सांग. रुग्णालय माझ्याकडून तुझ्याकडे आलं तेव्हा माझ्या चादरींबद्दल त्यांची काही तक्रार होती का? डाग राहतो, वास येतो, असं काही?’

‘नाही, मास्तर.’

‘एकही?’

‘एकही नाही. भांडारप्रमुख म्हणाला होता, मास्तरांचं काम चोख आहे.’

तेव्हा ते खुर्चीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली बघत बोलले. म्हणाले, ‘तू बिलं दाखवलीस. दर सारखा. मग गिऱ्हाईक जाईल कशाने? कामच घसरलं असणार, दुसरं काय. तू नवं यंत्र म्हणालीस, पण मला वाटलं, ही भिडेखातर बोलतेय. मी पोराच्या मागे लागलो. धुणं त्याच्याकडे होतं ना. एकेक चादर खिडकीत धरून त्याला दाखवायचो, हा बघ डाग. तो म्हणायचा, बाबा, कुठे आहे? नसायचाच. पण मला दिसायचा. तीनतीनदा धुवायला लावायचो त्याला. सोड्याने त्याच्या हातांची सालं निघायची. वर्षभर हे चाललं. शेवटी सगळ्या बायकांच्या देखत म्हणालो, तुझ्या या हातांनी माझं रुग्णालय घालवलंस. दुसऱ्या दिवशी तो गेला.’

दर लपवला तेव्हा मला वाटलं होतं, मी फक्त दर लपवला. त्या घरात त्याची काय किंमत झाली, हे मला काल कळलं.

मास्तरांनी खिशातून एक कागद काढला, त्यावर पत्ता होता. म्हणाले, ‘मी पत्रं टाकतो, ती न उघडता परत येतात. माझं अक्षर ओळखतो तो. तुझं ओळखत नाही. तू लिही.’

‘काय लिहू?’

‘एकेचाळीसमध्ये आहे तेच. पण त्याला कळेल असं.’

मी तिथेच, इस्त्रीच्या टेबलावर लिहिलं. तुझ्या हातची एकही चादर मळकी नव्हती. रुग्णालय तुझ्यामुळे गेलं नाही. मी दहाच्या बिलावर बारा चादरी धुवत होते आणि तुझ्या वडिलांना ते माहीत नव्हतं. मी त्यांना खोटं सांगितलं आणि त्यांनी ते खरं मानलं. एवढंच लिहायला मला तासभर लागला. मास्तरांनी ते हातात घेऊन वाचलं, ओठ हलवत. मग परत माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, ‘यात तू कोण, ते लिहिलं नाहीस.’

मी नाव लिहिलं. पाकिटावर पत्ता घातला. आम्ही दोघं चालत जाऊन ते टाकून आलो. दारापाशी ते म्हणाले, ‘येतो.’ नेहमीसारखं ‘पोरी’ म्हणाले नाहीत.

त्याने पाकीट उघडलं की नाही, ते पंधरा दिवसांत कळेल. परत आलं तर मी पुन्हा पाठवीन, वेगळं पाकीट घेऊन, पत्ता दुसऱ्या कोणाकडून घालून घेईन. तोपर्यंत मास्तर रोज पोस्टमनला विचारतील आणि मीही.

त्यावरून एक लक्षात आलं. तू सहा पत्रांना मिळून चार ओळी लिहिल्यास, पण माझं एकही पत्र परत आलेलं नाही. प्रकरण आता बंद झालं, तुझा नियम आड येत नाही. त्या दिवशी बाबांच्या खोलीत तू बरोबर होतास. हे मी तोंडाने कधी म्हणेन असं वाटत नाही, म्हणून लिहून देते. आलास तर दार उघडं आहे. नाही आलास तरी एक ओळ पाठव, हुद्दा न लिहिता.

ताई